मार्चमध्ये सकाळी अकराला फ्री डिश जाते? छत्रीला हात लावण्याआधी घड्याळ बघा

तक्रार दर वर्षी जवळपास त्याच शब्दांत येते. ‘चार दिवस झाले, सकाळी अकराच्या सुमाराला चित्र फुटतं, चौकोन चौकोन येतात, मग नो सिग्नल. दहा मिनिटांनी आपोआप येतं. बॉक्स बदलून पाहिला, केबल बदलली, तरी तेच.’ शिमग्याच्या मागेपुढे ही तक्रार सुरू होते, आठवड्याभरात थांबते आणि नवरात्राच्या आसपास पुन्हा डोकं वर काढते. मधल्या दिवसांत ज्याने शेवटचा हात लावला असेल त्याला श्रेय मिळतं. कोणी एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) बदलतो, कोणी छत्री म्हणजे डिश बोटभर फिरवतो, आणि योगायोगाने दुसऱ्या दिवसापासून त्रास संपतो. नवा एलएनबी सहा महिने ‘चांगला’ चालतो आणि पुन्हा सकाळी अकराला मान टाकतो.

हा बिघाड नाही. त्या दहा मिनिटांत सूर्य तुमच्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. छत्री उपग्रहाकडे बघत असते, म्हणजे तेव्हा ती सूर्याकडेही बघत असते. सूर्य सगळ्या फ्रिक्वेन्सींवर खरखर टाकतो आणि त्या खरखरीत उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. यावर घरच्या घरी उपाय नाही आणि लागतही नाही. पण सकाळी अकराला होणारा प्रत्येक त्रास सूर्याचा नसतो, आणि सूर्याच्या नावाखाली खरा बिघाड वर्षानुवर्षं लपून राहतो. म्हणून आधी हा त्रास नक्की ओळखायचा कसा ते बघू.

उपग्रह नेमका कुठे आहे

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन-५ रॉकेटने तो सोडला. वजन ३,१६४ किलो, केयू बँडचे (घरगुती डिशच्या फ्रिक्वेन्सींचे) २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन जमिनीकडे परत पाठवणारी उपकरणं, शिवाय विमानांना वाट दाखवणाऱ्या गगन यंत्रणेची उपकरणं. आयुष्य १२ वर्षांचं धरलेलं. जागा ९३.५ अंश पूर्व रेखांश, विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. हा रेखांश भारताच्या पूर्व टोकाकडचा, त्यामुळे महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो.

पुण्यातून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर सुमारे १३२ अंश आणि क्षितिजापासून उंची जवळपास ५९ अंश. मुंबईतून १३१ आणि साडेसत्तावन्न. नागपूरमधून १४४ ते १४५ आणि ६० च्या थोडी वर. ५९ अंश म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर. छत्रीकडे बघून मात्र तसं वाटत नाही, कारण घरगुती छत्री ऑफसेट पद्धतीची असते. तिचा चेहरा जिथे वळलेला दिसतो त्याच्या वीस-पंचवीस अंश वर ती प्रत्यक्षात बघत असते. समोरचं आंब्याचं झाड ‘छत्रीच्या खूप वर आहे, आड येत नाही’ असं लोक छातीठोकपणे सांगतात ते यामुळेच.

आता सूर्य. २०-२१ मार्चला तो विषुववृत्तावर असतो हे शाळेत शिकलो. मग उपग्रहही विषुववृत्तावर, तर गाठ त्याच दिवशी पडायला हवी. पण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो. इथून बघताना उपग्रह किंचित दक्षिणेला सरकलेला दिसतो, पुण्यातून सुमारे ३.२ अंश. सूर्य ३.२ अंश दक्षिणेला असतो तो मार्चमध्ये विषुवदिनाच्या आठ दिवस आधी आणि शरदात विषुवदिनानंतर आठ दिवसांनी. तारखा निघतात १२ मार्च आणि १ ऑक्टोबर.

जितकं उत्तरेला जाल तितकी मार्चची तारीख अलीकडे येते आणि ऑक्टोबरची पुढे जाते. पणजीत १३ मार्च आणि ३० सप्टेंबर, नागपुरात ११ मार्च आणि २ ऑक्टोबर, इंदूरच्या मंडळींना १० मार्च आणि ३ ऑक्टोबर. लीप वर्षामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो.

वेळेचा हिशेब केला तर पुण्यात मार्चमध्ये ११ वाजून १३ मिनिटं आणि ऑक्टोबरमध्ये १० वाजून ५३ मिनिटं. मुंबई आणि पणजीत जवळपास तीच वेळ, नागपुरात तीन-चार मिनिटं उशिरा. एकाच जागी मार्च आणि ऑक्टोबरमध्ये वीस मिनिटांचा फरक का, तर घड्याळातली दुपार आणि आकाशातला मध्यान्ह वर्षभर जुळत नाहीत. मार्चच्या मध्यात सूर्य घड्याळाच्या जवळपास दहा मिनिटं मागे चालतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दहा मिनिटं पुढे.

हे मधल्या दिवसाचं झालं. ६० सेंटिमीटरची छत्री या फ्रिक्वेन्सीवर साधारण ३ अंश रुंदीचा पट्टा बघते. सूर्य रोज ०.४ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, म्हणून त्या पट्ट्यातून पार व्हायला त्याला आठवडाभर लागतो. मार्चमध्ये साधारण ८ ते १६ तारीख, शरदात २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं, मधल्या दिवशी दहा-बारा, मग पुन्हा कमी होत बंद. ही चढती-उतरती चाल सूर्याची पक्की खूण आहे. खराब एलएनबी अशी शिस्त पाळत नाही.

शेजाऱ्याच्या बॉक्सची मदत

शेजारी दुसऱ्या कंपनीची डिश असेल तर आणखी सोपं. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला, एअरटेलचा १०८.२ अंशावर. त्याच १२ मार्चला पुण्यात एअरटेलवर हा त्रास १० वाजून ६ मिनिटांच्या आसपास होईल, फ्री डिशवर सव्वाअकराच्या आत आणि टाटा प्लेवर बाराच्या सुमाराला. उपग्रह एक अंश पूर्वेला असला की वेळ साडेचार मिनिटांनी अलीकडे येते, हा ढोबळ नियम लक्षात ठेवा. एकाच वाडीत तीन कंपन्यांच्या तीन छत्र्या अशा पाठोपाठ गेल्या तर मेकॅनिकला फोन करायचं कारण नाही. चहा ठेवा.

‘त्यांचं चालू होतं, माझंच गेलं’ हा युक्तिवाद म्हणूनच या प्रकरणात चालत नाही. आधी विचारा की त्यांचा उपग्रह कोणता.

स्ट्रेंथ आणि क्वालिटी: दोन पट्ट्या वेगळं बोलतात

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून एकूण किती शक्ती येते, मग तो कामाचा सिग्नल असो वा नुसती खरखर. क्वालिटी म्हणजे त्यातलं किती कामाचं. सूर्य आड आला की क्वालिटी कोसळते, पण स्ट्रेंथ जिथल्या तिथे राहते. कधी एखादा टक्का वरही जाते, कारण सूर्याने भरच घातलेली असते. जोराच्या पावसात क्वालिटीबरोबर स्ट्रेंथही उतरते. केबल तुटली, कनेक्टर निघाला किंवा एलएनबी मेला तर दोन्ही पट्ट्या झोपतात. एवढा एक फरक कळला तरी अर्धे मेकॅनिक छपरावर चढायचे थांबतील.

क्वालिटी किती पडते? सूर्याचा गोल अर्ध्या अंशाचा आणि छत्रीचा पट्टा ३ अंशांचा, म्हणजे छत्रीच्या नजरेचा अगदी छोटा तुकडा सूर्य व्यापतो. हिशेब केला तर ६० सेंटिमीटरच्या छत्रीवर सूर्यामुळे सिग्नल आणि खरखर यांच्यातलं अंतर साधारण ४ ते ५ डेसिबलने (सिग्नलची ताकद मोजण्याचं माप) कमी होतं. इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. छत्री नीट बसवलेली असेल, एलएनबी बरा असेल, केबल कोरडी असेल, तर ४-५ डेसिबल गमावूनही चित्र कसंबसं टिकू शकतं. एखाद्याच्या घरी मधल्या दिवशी नुसते चार चौकोन येऊन जातात आणि दोन घरं सोडून पुरती बारा मिनिटं काळोख होतो. दोघांचा सूर्य एकच असतो. काळोखवाल्याच्या छत्रीत मुळातच शिल्लक कमी असते. त्या छत्रीला जुलैतल्या पावसातही असाच त्रास होणार. मग मार्चची तक्रार सूर्याची आणि पावसाळ्यातली तक्रार छत्रीची, असं दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

मोठी छत्री घ्यावी का, असं विचारतात. ९० सेंटिमीटरला सिग्नल साडेतीन डेसिबलने जास्त मिळतो, पण तिचा पट्टा २ अंशांचाच असल्यामुळे सूर्यही त्यात जास्त भरतो आणि खरखरही वाढते. काळोख थोडा कमी वेळ राहील, पण जाणार नाही. केबल चालकांच्या ४-५ मीटरच्या सी बँड (केयूपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सींच्या) डिशवर तर सूर्य सिग्नल पार धुऊन टाकतो. तिथे वाचायचा प्रश्नच नसतो, पण पाच-सहा मिनिटांत सुटकाही होते. पावसासाठी मोठी छत्री जरूर घ्या. सूर्यासाठी पैसे घालवू नका.

राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार व्हीसॅटवर, म्हणजे छोट्या डिशच्या उपग्रह जोडणीवर, चालायचे तेव्हा या दिवसांत भर बाजारात मध्येच विराम घेऊन वेळ पुढे ढकलावी लागायची. एवढा पैसा पणाला असताना त्यांनाही सूर्याशी तडजोडच करावी लागली.

त्या दहा मिनिटांचा फुकट उपयोग

सूर्य त्या वेळी बरोबर उपग्रहाच्या जागी असतो, याचा अर्थ तुमच्याकडे उपग्रहाचा एक डोळ्यांना दिसणारा दिवा आहे. वर्षातून दोनदाच मिळतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सावल्या बघायच्या.

१२ मार्चच्या आसपास सव्वाअकराला छपरावर जा आणि छत्रीवर कशाची सावली पडते का ते पाहा. नारळाची झावळी, शेजाऱ्याची पाण्याची टाकी, मोबाइलच्या टॉवरची कैची, कपड्यांच्या तारेवरची चादर. त्या क्षणी ज्याची सावली छत्रीवर पडते ते उपग्रहाच्या आड येतंय, यात शंका नाही. कोकणात माडाची झावळी वाऱ्याबरोबर आडवी येते आणि सिग्नल वाऱ्यागणिक येतो-जातो. तिथे लोक क्लॅम्पचे नट आवळत बसतात. सावली बघितली तर कुऱ्हाड कुठे चालवायची ते कळतं. झाड दर वर्षी हातभर वाढतं, त्यामुळे गेल्या वर्षी स्वच्छ असलेली वाट यंदा बंद होऊ शकते. ‘दहा वर्षं चालत होतं’ हा पुरावा होत नाही.

दुसरा उपयोग छत्री बरोबर रोखली आहे का ते बघण्याचा. एलएनबीची सावली छत्रीच्या मध्यरेषेवर, खालच्या कडेपाशी पडायला हवी. ती डावी-उजवीकडे पडत असेल तर चूक ढोबळ आहे. बारीक चूक सावलीत कळत नाही, ती घड्याळ सांगतं. क्वालिटी पडायला सुरुवात झाली ती वेळ आणि पूर्ववत झाली ती वेळ लिहा, दोन्हींचा मध्य काढा. पुण्यात तो मध्य ११:१३ च्या आसपास यायला हवा. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. तुमचा मध्य ११:०९ ला येत असेल तर तुमची छत्री उपग्रहाच्या एक अंश पूर्वेला बघतेय; ११:१७ ला येत असेल तर एक अंश पश्चिमेला.

वर-खालची चूक तारखेत दिसते. मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडून उत्तरेला चढत असतो. त्रास १२ तारखेऐवजी ९ ला सर्वांत जास्त झाला तर छत्री अंशभर खाली झुकलेली आहे, १५ ला झाला तर वर. ऑक्टोबरमध्ये सूर्य उतरता, म्हणून हिशेब उलटा. एक अंशाच्या चुकीने सव्वा-दीड डेसिबल जातं, उघड्या आकाशात ते कळतही नाही आणि पावसात तेवढ्यासाठीच चित्र जातं. ही चूक दुरुस्त करायला छत्री हलवायची ती मात्र सूर्याची वेळ टळल्यावर, क्वालिटीची पट्टी समोर ठेवून. सूर्य समोर असताना छत्री फिरवणं म्हणजे चालू असलेलं बिघडवणं. अकरा वाजून दहा मिनिटांनी पट्टी शून्यावर असते, तुम्ही कुठेही फिरवा ती शून्यावरच राहणार, आणि साडेअकराला सूर्य गेल्यावर कळतं की आता उपग्रहच समोर नाही.

जाता जाता एक इशारा. गंजलेल्या छत्रीला चकचकीत ऑइल पेंट किंवा चंदेरी रंग देण्याची हौस काहींना असते. कारखान्यातला रंग मुद्दाम मंद ठेवलेला असतो, म्हणजे ऊन विखुरलं जातं. चकचकीत छत्री या दिवसांत सगळं ऊन एलएनबीच्या तोंडावर गोळा करते आणि त्याची प्लास्टिकची टोपी वितळू शकते. रंग द्यायचाच तर मॅट द्या, पातळ द्या.

‘उपग्रहच हलला असेल’

हे वाक्य मेकॅनिकचं आवडतं. उपग्रह हलतो हे खरं आहे, फक्त तुमच्या छत्रीला ते कळत नाही.

‘स्थिर’ म्हटला जाणारा हा उपग्रह सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावतो आणि २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी पुरी करतो, म्हणून तो आपल्याला एका जागी दिसतो. पण त्याला कोणी एका जागी राहू देत नाही. चंद्र आणि सूर्य त्याची कक्षा ओढून वर्षाला पाऊण ते जवळपास एक अंश इतकी तिरकी करतात. शिवाय पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, थोडं फुगीर आहे. त्यामुळे ७५ अंश पूर्व आणि १०५ अंश पश्चिम या दोन रेखांशांवर गुरुत्वाचे खळगे तयार झाले आहेत. खोलगट थाळीत सोडलेली गोटी तळाकडे घरंगळते तसे इंधन संपलेले उपग्रह या खळग्यांकडे घरंगळतात आणि त्याभोवती वर्षानुवर्षं हेलकावे खात राहतात. ७५ अंश पूर्व म्हणजे अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधून जाणारा रेखांश. आपल्या राज्याच्या बरोबर दक्षिणेला, विषुववृत्तावर, एक अदृश्य खड्डा आहे म्हणायचा. ९३.५ वरचा जीसॅट-१५ सतत त्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला, घसरू बघतो. कर्नाटकातल्या हासनचं इस्रोचं नियंत्रण केंद्र त्याला वेळोवेळी इंजिनाचा हलका धक्का देऊन जागेवर आणतं. पूर्व-पश्चिम सावरायला इंधन फारसं लागत नाही. उत्तर-दक्षिण सावरायला त्याच्या कितीतरी पट लागतं.

एवढ्या सगळ्या ओढाताणीतून उपग्रह ठरलेल्या जागेच्या आसपास साधारण ०.१ अंशाच्या चौकटीत ठेवला जातो. त्या उंचीवर एक अंश म्हणजे ७३६ किलोमीटर, तेव्हा ०.१ अंश म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. ऐकायला भरपूर. पण ३ अंशांचा पट्टा बघणाऱ्या छत्रीचं यात एका डेसिबलचा शंभरावा हिस्सा एवढंच नुकसान होतं. उपग्रह हलल्यामुळे घरची डिश गेली, असं कोणी म्हणालं तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

जुन्या उपग्रहांची गोष्ट वेगळी. इंधन वाचवायला उत्तर-दक्षिण सावरणं थांबवतात, मग कक्षा तिरकी होत जाते आणि उपग्रह दिवसाकाठी आकाशात इंग्रजी आठासारखी आकृती काढतो. मोठी सी बँड डिश लावून असा उपग्रह धरणाऱ्यांना दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने, सिग्नल उतरल्याचा अनुभव येतो. इथे घड्याळ पुन्हा कामाला येतं. कक्षेची फेरी २४ तासांची नसून चार मिनिटांनी कमी असल्यामुळे हा त्रास रोज चार मिनिटं आधी होतो. आज सकाळी आठला, पंधरवड्याने सातला, महिन्याने सहाला. सूर्याचा त्रास असा सरकत नाही, सगळ्या आठवड्यात फार तर दोन-तीन मिनिटं पुढेमागे. विजेचा, उन्हाचा, माणसांचा त्रासही नाही. रोज चार मिनिटं अलीकडे येणारा बिघाड दिसला की तो जमिनीवरचा नाही, आकाशातला आहे.

खात्री करायची असेल तर सेलेस्ट्रॅकसारख्या संकेतस्थळावर उपग्रहाच्या कक्षेच्या दोन ओळी मिळतात. दुसऱ्या ओळीत उपग्रहाच्या क्रमांकानंतरचा पहिला आकडा म्हणजे कक्षेचा कल, अंशांमध्ये. तो ०.१ च्या आत असेल तर उपग्रह सांभाळलेला आहे. १ च्या वर गेला असेल तर ४-५ मीटरच्या डिशला फिरणारी मोटर लागेल. शेवटी दिवसाला १.००२७ फेऱ्या असा आकडा दिसला की तो स्थिर कक्षेतला, हेही तिथेच कळतं.

उपग्रहातच बिघाड झाल्याचं उदाहरणही याच जागेवरचं आहे. जुलै २०१० मध्ये ९३.५ अंशावरच्याच इन्सॅट-४बीच्या दोनपैकी एका सौर पंखाची वीज मिळेनाशी झाली आणि निम्मे ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले. तेव्हा त्रास एका गावाला झाला नाही, देशभर एकदम झाला आणि बातम्यांत आला. हा फरक लक्षात ठेवा. तो उपग्रह जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाला. स्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊन त्याला कायमचा सोडून दिला.

रात्री सव्वाअकराचं काय?

मार्च-सप्टेंबरमध्ये रात्री सव्वाअकराच्या आसपास चित्र अडखळलं तर काही हुशार लोक ग्रहणाकडे बोट दाखवतात. त्या दिवसांत उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो, ही गोष्ट खरी आहे. ९३.५ अंशावरच्या उपग्रहाची मध्यरात्र भारतीय घड्याळात ११:१५ च्या सुमाराला येते, विषुवदिनाच्या आसपास सावली सत्तर मिनिटांपर्यंत टिकते आणि हा हंगाम सुमारे ४५ दिवस चालतो. पण तेवढा वेळ उपग्रह बॅटरीवर चालतो आणि त्याच्या बॅटऱ्या त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. तुम्हाला काही दिसायला नको. रात्रीचा त्रास घरातच शोधा.

उरलेले नेहमीचे गुन्हेगार

भर दुपारी, एक ते चारच्या दरम्यान, एप्रिल-मे महिन्यात सिग्नल जातो आणि संध्याकाळी येतो: एलएनबी तापतोय किंवा कनेक्टरमधली तार ढिली होऊन ताणली जातेय. एलएनबीवर पाण्याने भिजवलेलं फडकं टाकून पाहा. पाच-दहा मिनिटांत चित्र आलं तर एलएनबी बदला.

थंडीत पहाटे जातो आणि ऊन चढल्यावर येतो: दव. एलएनबीची टोपी तडकली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. कनेक्टर काढून आतली तांब्याची तार बघा. हिरवट-काळी झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा आणि केबलला एलएनबीपाशी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून ठिबकून जाईल. हा झोल नसल्यामुळे जेवढे एलएनबी कचऱ्यात गेले असतील तेवढे विजांनीही गेले नसतील.

काही चॅनल जातात आणि बाकीचे राहतात, विशेषतः संध्याकाळी दिव्याचा प्रकाश मंद झाल्यावर: बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन पोलरायझेशन, म्हणजे लहरींची उभी किंवा आडवी दिशा, निवडतो. बॉक्सचा अॅडॉप्टर थकला असेल किंवा केबल फार लांब आणि स्वस्तातली असेल तर १८ चे पुरते १८ वर पोचत नाहीत. दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावून पाहा, पण व्होल्टेज तेवढंच आहे ना ते आधी वाचा.

अधूनमधून, वेळेचा काही नेम नाही, पण दिवसाच होतो: वानरं. हसू नका. कोकणात आणि घाटाखाली छत्रीच्या दांड्यावर झोके घेणारी टोळी हे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि कावळ्याला एलएनबीवर बसायला फार आवडतं.

केबल चालकांसाठी एक. सी बँडच्या डिशवर २०२२ च्या ऑक्टोबरनंतर नव्याने त्रास सुरू झाला असेल आणि तो संध्याकाळी, मोबाइलची वर्दळ वाढल्यावर जास्त होत असेल, तर सूर्याच्या तारखा तपासत बसू नका. ५जी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झवर आलंय आणि जुने सी बँड एलएनबी ३४०० पासून ऐकतात. जवळच्या टॉवरचा आवाज त्यांच्या कानात सरळ शिरतो आणि ३७०० च्या वरचे तुमचे चॅनलही बुडतात. एलएनबीच्या तोंडाशी ३७०० ते ४२०० चा फिल्टर बसवा किंवा तेवढंच ऐकणारा एलएनबी घ्या. बॉक्समध्ये किंवा केबलमध्ये फिल्टर लावून उपयोग नाही, कारण तोवर एलएनबी आतून ओव्हरलोड झालेला असतो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी एका कागदावर एवढं लिहा: तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, त्या वेळी स्ट्रेंथ आणि क्वालिटीचे आकडे, आकाश कसं होतं, सगळे चॅनल गेले की त्यातले फक्त काही. सलग तीन दिवसांची नोंद पुरते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली नोंद असेल, वेळ अकरा ते साडेअकरा असेल आणि स्ट्रेंथ जागेवर असेल, तर कागद ठेवून द्या आणि १७ तारखेनंतर पुन्हा बघा. तेव्हाही जात असेल तर मात्र शिडी काढा.